इन्साफच्या शेजारची जागा

सब्री मिस्त्रीने कॉफीचा पेला ओठाला न लावताच खाली ठेवला आणि हाजी मिफ्लेहच्या बैठकीतली अकराच्या अकरा माणसं एकदम गप्प झाली.

आत्तापर्यंत सगळं छान चाललं होतं. ऑलिव्ह यंदा कमी आले, कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन बिघडलं, बावीस वर्षांनी सब्री परत आला तर केवढा वाळलाय, अशा गप्पा चालल्या होत्या. आणि आता हाजींचा थोरला मुलगा नायेफ, जो स्वतःच पन्नाशीला आला होता, तो हातातली किटली तशीच तिरकी धरून उभा राहिला होता.

सब्रीचा हात अजून कोटाच्या खिशात होता. तो पोटाची गोळी शोधत होता. मिसरमधल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, दमनहूरच्या डॉक्टरने त्याला कॉफी साफ बंद केली होती. पण पुढे आलेला पेला नाकारणं बरं दिसत नाही, म्हणून त्याने घेतला आणि आधी गोळी तोंडात टाकू म्हणून क्षणभर खाली टेकवला. गोळी बोटांना लागली, आणि नेमकं तेव्हाच त्याला आठवलं की आपण कुठे बसलोय.

मिसरमध्ये पाहुण्याने पेला खाली ठेवला तर पेला खाली ठेवला, एवढाच त्याचा अर्थ. जॉर्डनमधल्या या सल्त गावात मात्र पाहुण्याने न पिता पेला ठेवला, म्हणजे तो काहीतरी मागायला आलाय. यजमान ‘दिलं’ म्हणेपर्यंत तो पिणार नाही. आणि न पिता उठून गेला, तर यजमानाला बाजारात तोंड दाखवायची सोय उरत नाही. खुनाची माफी आणि मुलीचा हात, दोन्ही इथे याच पेल्यावर मागतात. सब्रीने एकोणीस वर्षं या गावात फरश्या बसवल्या होत्या. तो बसला होता त्या बैठकीची फरशीही त्यानेच बसवलेली. त्याला हे सगळं पाठ होतं. पण बावीस वर्षं मिसरची हवा लागली होती.

हाजी मिफ्लेहने घसा खाकरला, खांद्यावरचा अंगरखा सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “सब्री, कॉफी पी. जे मागायला आलास, ते तुझं झालं.”

आता खरी पंचाईत अशी की सब्री खरोखरच मागायला आला होता. फक्त असं नाही.

त्याची बायको इन्साफ याच गावात गेली. बावीस वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, तीन दिवसांच्या तापाने. परमुलखातल्या मिस्त्रीच्या बायकोला पुरायचं कुठे, हा प्रश्न सब्रीला सुचायच्या आधीच हाजींची आई काठी आपटत म्हणाली होती, “ती माझ्या शेजारी बसून भेंडी चिरायची. ती आमच्यातच झोपेल.” म्हातारीपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. इन्साफ या घराण्याच्या कबरींच्या रांगेत गेली, आणि सहा महिन्यांनी सब्री मिसरला मुलीकडे परतला. आता तो एकाहत्तरचा होता. डॉक्टर बोलायचा पोटाबद्दल, पण बघत बसायचा छातीच्या फोटोकडे. सब्रीने मुलीला ‘पंधरा दिवसांत येतो’ म्हणून सांगितलं आणि बॅगेत स्वेटर भरले. त्याला इन्साफच्या शेजारी जागा हवी होती. सात फूट बाय तीन. एकवीस चौरस फूट, आणि फरशीही लागणार नव्हती.

हाजींना एकट्याला गाठायचं, हळूच विचारायचं, आणि त्यांना नाही म्हणायचं असेल तर म्हणता यावं अशा बेताने विचारायचं, असं तो अख्ख्या प्रवासात घोकत आला होता. पेला ठेवून, अकरा साक्षीदारांदेखत मागितलं तर हाजींना ‘हो’ म्हणण्यावाचून गत्यंतरच नाही. म्हणजे मरता मरता माणसाचा खिसा कापल्यासारखंच ते. इन्साफ तिथे कुणाच्या तरी मायेने गेली होती. तो तिथे दांडगाईने शिरला असता तर तिने त्याला झोपू दिलं नसतं.

“नाही हो हाजी,” तो घाईघाईने म्हणाला, “मागायचं काही नाही. माझं पोट जरा...”

“पोट?”

“जळजळतं.”

हाजींनी मान हलवली. “सब्री, या घरात पोटासाठी पेला कुणी खाली ठेवत नाही. मी ‘दिलं’ म्हटलंय. आता तू ‘काही नाही’ म्हणालास, तर ही बसलेली माणसं काय समजतील? की मिफ्लेहकडे देण्यासारखं काही उरलंच नाही?”

“छे छे, तसं नाही हो!”

“मग बोल.”

सब्रीने खिशातली गोळी पुन्हा चाचपली. त्याच्या कपाळावर घाम आला. तो घाम पाहून कोपऱ्यात बसलेल्या फव्वाजचे डोळे चमकले. फव्वाज हाजींचा चुलतभाऊ. पोस्टमन म्हणून चौतीस वर्षं नोकरी केलेला. पाकीट न फोडता आत काय आहे ते ओळखायची त्याला सवय होती.

“अरे, त्याला कशाला छळता? तो बिचारा बोलेल कसा? तो स्वतःसाठी आलेलाच नाहीये! मला सांगा, हा आला कुठून?”

“मिसरहून,” नायेफ म्हणाला.

“मिसरहून रोज पन्नास येतात. या घरात आला कुठून?”

“जिन्याने आलो,” सब्री म्हणाला. “जुन्याच. बाजाराकडच्या.”

बैठकीत कुणीतरी मोठ्याने श्वास घेतला.

“फाटकातून?” फव्वाजने विचारलं.

“हो, एक फाटक लागलं खरं. नवीन दिसतंय.”

ते नवीन फाटक नऊ वर्षांचं होतं. हाजींची आई गेली तेव्हा दुखवट्याला येणाऱ्यांनी कुणाकडे बसायचं, थोरल्या मिफ्लेहकडे की धाकट्या ऊदेकडे, यावरून दोघा भावांचं बिनसलं. दोघांनीही आपापल्या दारात खुर्च्या मांडल्या. निम्मं गाव इथे रडलं, निम्मं तिथे. चाळिसाव्या दिवशी ऊदेने दोन्ही घरांच्या मधल्या जिन्यावर लोखंडी फाटक बसवलं आणि कुलूप घातलं. तेव्हापासून हाजी मिफ्लेह बाजारात जायला डोंगराला वळसा घालून एकशे चौदा पायऱ्या जास्त चढत होता, आणि त्यातली एकही पायरी विसरत नव्हता.

“उघडलं कुणी?” हाजींचा आवाज बदलला होता.

“हाजी ऊदेंनी. मी उन्हात उभा राहिलेला दिसलो ना त्यांना. कुलूप निघेना, पार गंजलं होतं. मग आतून तेलाची बाटली घेऊन आले.”

“तेल!” फव्वाज मांडीवर थाप मारून उठलाच. “ऐकलंत? ऊदेने! स्वतःच्या हाताने! तेल घालून! ऊदेला समेट हवाय, आणि हा म्हणे पोटासाठी आलोय!”

“फव्वाजभाऊ, मला कुणीही पाठवलेलं नाही हो.”

“बघा, बघा! मुरलेला मध्यस्थ हेच म्हणणार. ज्याने पाठवलं त्याचं नाव घेतलं तर त्याची मान खाली जाते ना!”

सब्रीने शपथ घेतली. सगळ्यांनी त्याच्या शपथेचं कौतुक केलं. त्याने गोळीची पट्टी काढून दाखवली. कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही. हाजी मिफ्लेह मात्र जमिनीकडे, सब्रीनेच बसवलेल्या फरशीकडे बघत बसला होता. नऊ वर्षं जपलेला राग असा एका घोटाच्या कॉफीवर द्यायचा, म्हणजे पोटच्या मुलीला लांबच्या गावी देण्यासारखं होतं. पण शब्द तोंडातून गेला होता.

“दिलं म्हटलं ना,” तो शेवटी म्हणाला. “उठा. जोडे घाला.”

गावाच्या रिवाजाप्रमाणे मागणं घेऊन निघालेल्या मंडळींच्या पुढे सगळ्यात मानाचा माणूस चालतो. तो मान सब्रीला मिळाला. मागे हाजी, त्यांच्या मागे दहा माणसं, असे सगळे जिन्याने खाली निघाले. खिडक्या उघडल्या. वरच्या गच्चीवरून एका बाईने शेजारणीला विचारलं, “कोण गेलं गं?” शेजारीण म्हणाली, “अजून कुणी नाही. मिफ्लेह ऊदेकडे चाललाय.” ती बाई धुणं तसंच टाकून खाली पळाली.

सब्रीने वाटेतच ठरवलं होतं, की काहीही झालं तरी आता पेला खाली ठेवायचा नाही. एकदा ठेवला तर एवढा गोंधळ झाला. दुसऱ्यांदा ठेवला तर कुणाचं तरी लग्न लागेल.

ऊदेने दार उघडलं. समोर भाऊ आणि मागे जमाव पाहून त्याच्या भुवया वर गेल्या, पण तो दारातून बाजूला झाला. सगळे बसले. कॉफी आली. रिवाजाप्रमाणे पुढच्या माणसाने आता पेला ठेवायचा, ऊदेने ‘काय हवं’ विचारायचं, मग ‘फाटक काढ’ म्हणायचं, मग ऊदेने आढेवेढे घ्यायचे. ऊदेचा चेहरा आढेवेढ्यांसाठी तयार होता. अकरा माणसं सब्रीच्या हाताकडे बघत होती.

सब्रीने पेला उचलला आणि औषध प्यावं तसा एका दमात रिकामा केला.

फव्वाजच्या तोंडून “अरे देवा” एवढंच निघालं. नायेफने डोळे मिटले. सब्रीच्या पोटात निखारा पडला, पण त्याने हू की चू केलं नाही.

“प्यायलास?” ऊदेने विचारलं.

“प्यायलो, हाजी.”

“म्हणजे मागणं काही नाही?”

“काहीसुद्धा नाही हो. सकाळपासून मी हेच सांगतोय.”

ऊदे भावाकडे वळला. “नऊ वर्षांनी माझ्या उंबऱ्यात आलास,” तो म्हणाला, “अकरा माणसं घेऊन. आणि काही मागायचं नाही? फाटकाचंसुद्धा नाही? नुसताच आलास?”

हाजी मिफ्लेहने तोंड उघडलं. त्याला मागायचं होतं. फाटकाबद्दल तर वाटेत जुळवून आणलेली चार वाक्यं होती. पण समोर बहात्तर वर्षांच्या धाकट्या भावाची हनुवटी थरथरत होती, आणि ती हुबेहूब आईची हनुवटी होती.

“नुसताच आलो,” तो म्हणाला.

मग जे रडणं झालं ते नऊ वर्षांपूर्वी एकत्र व्हायचं राहून गेलेलं रडणं होतं. दोघे एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसत होते. गुडघ्याच्या ऑपरेशनवाला रडला, फव्वाज रडला, नायेफ रडला. सब्रीही रडला. त्याचं पोटही जळत होतं, पण तेवढ्यासाठी नाही. दुपारी बकरं कापलं गेलं, भाताची परात दोन माणसांनी उचलून आणली, आणि जेवणं झाल्यावर हाजी मिफ्लेह हात पुसत म्हणाला, “चल ऊदे. आईला सांगून येऊ. सब्री, तूही चल. हे तुझ्यामुळे झालंय.”

कबरस्तान डोंगराच्या उतारावर होतं. हाजींची बायको उम्म नायेफ आधीच तिथे पोचली होती आणि सासूच्या कबरीवरच्या सब्जाच्या रोपाला डब्याने पाणी घालत होती. दोघा भावांनी आईसमोर उभं राहून हात उघडले आणि पुटपुटत तिला काय ते सांगितलं. सब्री चार पावलं पुढे गेला. इन्साफच्या दगडावरची अक्षरं उन्हापावसाने पुसट झाली होती. तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती. गवत वाढलेली, सरळ, सपाट. मिस्त्रीच्या डोळ्याने त्याने मापली. इकडे सात बाय तीन. तिकडे सात बाय तीन.

“बघतोयस ना,” मागून मिफ्लेह आला. “ही पुढची माझी.”

“आणि मागची माझी,” ऊदे म्हणाला.

सब्री वळला. “दोन्ही?”

“भांडणानंतर ठरवलं आम्ही. फव्वाजने निरोप नेले-आणले. एका रांगेत झोपायचं तर आहे, पण खेटून नको. मधे कुणीतरी असावं.”

“आणि इन्साफबाईंसारखं कुणाच्या अध्यात ना मध्यात नसणारं माणूस घराण्यात दुसरं नव्हतं,” ऊदे म्हणाला.

सब्री गवतात बसला. घोकलेली वाक्यं आठवेनात, आणि एकट्याला गाठणं तर राहिलंच होतं. उम्म नायेफचं पाणी घालणं चालू होतं. तो गवताकडे बघत म्हणाला, “हाजी, खरं सांगू? यातली एखादी जागा मला मिळेल का, एवढं विचारायला मी आलो होतो. नाही म्हणालात तरी मनात काही ठेवणार नाही. तुमच्या आईने तिला जवळ घेतलं, तेच पुष्कळ झालं.”



“वेड्या,” मिफ्लेह म्हणाला. “म्हणजे सकाळी पेला याच्यासाठी ठेवला होतास?”

“सकाळी मी पोटासाठी ठेवला होता.”

“माझी घे. पुढची. दिली!”

“थांब,” ऊदे म्हणाला. “तुझी का? माझी घेईल तो. माझ्या घरी येऊन न मागता कॉफी प्यायला. असा पाहुणा माझ्या आयुष्यात आला नाही.”

“पण शब्द मी आधी दिलाय! सकाळी!”

“तुझा शब्द फाटकावर खर्च झाला.”

“फाटकाचं त्याने मागितलंच नव्हतं, आत्ता ऐकलंस ना! फाटकाचं तू...” मिफ्लेह थांबला. “ऊदे, तू याला पाठवलं होतंस ना?”

“मी? मी कशाला पाठवू?”

“मग फाटक का उघडलंस?”

“म्हातारा माणूस उन्हात उभा होता म्हणून! कुत्रं असतं तरी उघडलं असतं. पाठवलं म्हणे! तू आपण होऊन आलास ना माझ्याकडे?”

“मी तू पाठवलंस म्हणून आलो!”

“म्हणजे आपण होऊन नाही?”

“आणि तू पाठवलं नव्हतंस?”

सब्री घाईने उठला. “हाजी, मला जागा नको. मी आपला दमनहूरला जातो. तिथेही चांगली माती आहे.”

“तू गप्प बैस,” दोघे एकदम म्हणाले. नऊ वर्षांत ते एका सुरात बोललेले हे पहिलंच वाक्य. पुढचं वाक्य मात्र त्यांनी वेगवेगळं म्हटलं. मिफ्लेह हात वर करून गरजला, “सब्री, तू माझ्या जागेत झोपला नाहीस, तर उम्म नायेफला माझा तलाक!” आणि ऊदेही मागे राहिला नाही. त्याचीही बायको घरी परातीतला भात आवरत असताना, तिला काही कल्पना नसताना, त्याच शपथेला टांगली गेली. असल्या शपथा या डोंगरावर भाताबरोबर वाढल्या जातात. पण दिल्या की दिल्या.

सब्जावर पडणाऱ्या पाण्याचा आवाज थांबला.

भाऊ दोन वेगळ्या वाटांनी उतरले. थोड्या वेळाने खालून फाटक आपटल्याचा आणि कुलूप लागल्याचा आवाज आला. सकाळच्या तेलामुळे ते एका झटक्यात लागलं.

सब्री इन्साफपाशी बसून राहिला. जी एक जागा मागायलासुद्धा त्याची जीभ रेटत नव्हती, तशा आता त्याच्याकडे दोन होत्या. तो आधी पुढच्या जागेत बसला. मग उठून मागच्या जागेत बसला. इथे सगळे उजव्या कुशीवर, मक्केकडे तोंड करून झोपतात. पुढची जागा घेतली तर इन्साफ जन्मभर, म्हणजे पुढचा सगळा काळ, त्याची पाठ बघत राहणार. मागची घेतली तर तो तिची पाठ बघणार. तीस वर्षांच्या संसारात दर भांडणानंतर ती भिंतीकडे तोंड करून झोपायची आणि तो तिच्या पाठीकडे बघत पडून राहायचा. ती झोपलीय की जागी आहे, हे त्याला तिच्या पाठीवरून कळायचं. ती पाठ त्याच्या चांगली ओळखीची होती. त्याने मागच्या जागेतलं गवत थोडं उपटलं, आणि त्याला बरं वाटलं.

“मिस्त्री,” उम्म नायेफ रिकामा डबा घेऊन जवळ आली होती. “ठरलं का?”

सब्री ओशाळला. “वहिनी, मागचीच बरी वाटते. हाजी ऊदेंची. पण मग तुमचं कसं व्हायचं? मी उद्याच जाऊन हाजींच्या पाया पडतो. शपथ मागे घ्या म्हणतो.”

“खबरदार!” उम्म नायेफने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “बावन्न वर्षं झाली, मिस्त्री. रोज सकाळी अकरा माणसांची कॉफी. वर हे म्हणतात, वेलची कमी पडली.”

तिने डबा काखेत धरला आणि वाटेला लागली. मग चार पावलांवर थांबून वळली.

“ती शपथ लागू कधी होते? तुम्ही मागच्या जागेत झोपल्यावरच ना?”

“हो... तसंच असावं बहुतेक.”

“बरं.” तिने जरा विचार केला. “घाई काही नाही. पण फार वेळही लावू नका. माझंही आता वय झालंय.”